सातबारा, सहा गुण आणि परदेशची वाट

पापळचे पंजाबराव देशमुख १९२० मध्ये शिकायला इंग्लंडला गेले तेव्हा त्यांना व्हिसा काढावा लागला नाही. साम्राज्यातल्या माणसाला विलायतेत उतरायला, राहायला, नोकरी करायला वेगळी परवानगी लागत नसे. ती मुभा १९६२ च्या कायद्यानं संपली. एडिंबरा आणि ऑक्सफर्ड करून, बॅरिस्टर होऊन पंजाबराव परतले आणि १९३२ मध्ये त्यांनी अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. त्यांच्याही आधी वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतकी शिकायला गेले होते. तेव्हा अमेरिकेच्या किनाऱ्यावरही व्हिसा मागायची पद्धत नव्हती. पुढे १९१७ मध्ये अमेरिकेनं कायदा करून आशियाचा मोठा पट्टाच बंद केला, १९४६ मध्ये भारतीयांसाठी वर्षाला शंभर जागा ठेवल्या आणि १९६५ मध्ये दार खऱ्या अर्थानं उघडलं. खानखोजे या दरम्यान मेक्सिकोत मक्याचे संशोधक म्हणून नावारूपाला आले होते. गदर चळवळीत असल्यामुळे त्यांचं नाव इंग्रजांच्या काळ्या यादीत होतं आणि गंमत अशी, की स्वातंत्र्यानंतर मायदेशी परतायची वेळ आली तेव्हाही ती यादी त्यांना आडवी आली.

आता कठोरा नाक्यावरच्या शासकीय अभियांत्रिकीतून, बडनेऱ्यातून, बाभुळगावातून, शेगावातून दरवर्षी पोरं-पोरी बाहेर पडतात आणि घराघरात तोच संवाद होतो. "पोट्टं काय म्हणते?" "जर्मनीले जातो म्हणते." मग पुढचा प्रश्न ठरलेला: कोणत्या देशाचा व्हिसा सोपा?

हा प्रश्नच अपुरा आहे. परदेशात राहण्याचा म्हणून एक व्हिसा कुठलाच देश पदवीधराच्या हातात ठेवत नाही. असतात त्या पायऱ्या. पहिली शिक्षणाची किंवा नोकरी शोधण्याची, दुसरी नोकरीची, तिसरी कायम राहण्याची. प्रत्येक पायरीवर अधिकारी वेगळा, कायदा वेगळा, विचारणाही वेगळी. चौकाचौकात पाट्या लावून बसलेले सल्लागार बहुतेक वेळा पहिलीच पायरी विकतात, कारण त्यांचं कमिशन तिथेच संपतं. माझं म्हणणं असं, की आधी तिसरी पायरी पाहावी, मग दुसरी, आणि पहिलीचा अर्ज सगळ्यात शेवटी भरावा. असं उलटं वाचलं की 'सोप्या' वाटणाऱ्या देशांची यादी बदलून जाते.

अमेरिकेचंच घ्या. विद्यार्थ्याचा एफ-१ व्हिसा मिळवताना कायद्याचं २१४(ब) हे कलम लागू होतं. त्याचा मथितार्थ असा, की समोरचा अर्जदार कायमचा राहायलाच येतो आहे असं अधिकाऱ्यानं धरून चालावं आणि तसं नाही हे अर्जदारानं पटवून द्यावं. म्हणजे ज्या मुलाच्या मनात तिकडे स्थिरावायचं आहे त्यानं मुंबईच्या खिडकीवर परत येण्याची कारणं सांगायची. बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीनं, किंवा एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याहून सुरू झालेल्या विमानानं मुंबई गाठायची, आधी बोटांचे ठसे द्यायचे, मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. ती काही मिनिटांत आटोपते. तिथे पाठ केलेली भाषणं चालत नाहीत. हाच कोर्स का, हेच विद्यापीठ का, पैसे कोण देणार, या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं ज्याच्याकडे आहेत त्याचं काम होण्याची शक्यता जास्त. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं, म्हणून व्हॉट्सॲपच्या गटातल्या शूरवीरांनी इन्स्टाग्रामवर जरा जपून.

प्रवेश पक्का झाला की विद्यापीठाकडून आय-२० नावाचा कागद येतो. घरचे लोक त्यावरचा फीचा आकडा पाहतात. पण त्याच पानावर विषयाच्या नावाशेजारी सहा अंकांचा एक क्रमांक असतो, तो कोणी पाहत नाही. संगणकशास्त्राचा तो ११.०७०१ असा दिसतो. शिक्षण संपल्यावर प्रत्येकाला एक वर्ष काम करण्याची मुभा मिळते, तिला ओपीटी म्हणतात. हा क्रमांक अमेरिकी सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या यादीत, म्हणजे स्टेम यादीत असेल तर आणखी २४ महिने मिळतात. एकूण तीन वर्षं. नसेल तर बारा महिन्यांत गाशा गुंडाळायचा. साधं बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन या यादीत नाही, मॅनेजमेंट सायन्स आहे. दोन विद्यापीठांत अभ्यासक्रम जवळपास सारखा, फी सारखी, पण क्रमांक वेगळा म्हणून एकाला तीन वर्षं आणि दुसऱ्याला एक, असं होऊ शकतं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या मुलांसाठी सांगायचं तर मृदाशास्त्र, वनस्पतिशास्त्र, अन्नशास्त्र, कृषी अभियांत्रिकी हे सगळं या यादीत आहे. ओपीटीच्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. वाढीव मुदत मिळाली तर दोन्ही मिळून १५०. आणि वाढीव २४ महिन्यांसाठी नोकरी देणारी कंपनी सरकारच्या ई-व्हेरिफाय पद्धतीत नोंदलेली हवी.

या तीन वर्षांचा खरा उपयोग कमाईपेक्षा सोडतीसाठी. दुसरी पायरी एच-१बी ही. १९९० च्या कायद्यानं ती जन्माला आली. वर्षाला ६५ हजार जागा, आणि अमेरिकेत मास्टर्स किंवा त्याहून वरचं शिकलेल्यांसाठी आणखी २० हजार. मार्च २०२५ मध्ये सुमारे ३ लाख ४४ हजार पात्र नोंदणी झाल्या आणि साधारण १ लाख २० हजारांची निवड झाली. म्हणजे साधारण तिघांत एक. तीन वर्षांची ओपीटी असलेल्याला हा डाव दोन-तीनदा खेळता येतो, एक वर्षवाल्याला बहुतेक एकदाच. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यात नवं वळण आलं: देशाबाहेरच्या माणसासाठी नवा एच-१बी अर्ज करायचा तर कंपनीनं एक लाख डॉलर भरायचे, असा आदेश निघाला. हे आपल्या पैशात ऐंशी लाखांच्या पुढे जातं. पण अमेरिकेत आधीच विद्यार्थी म्हणून असलेला माणूस तिथल्या तिथे एच-१बीवर गेला तर ही रक्कम लागत नाही, असं तिथल्या नागरिकत्व खात्यानं ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलं. पुण्याच्या कंपनीतून 'ऑनसाइट' जाण्याची जी जुनी वाट होती, तीच या आदेशानं जास्त अरुंद झाली.

या सोडतीला एक बगल आहे, आणि ती आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असते. विद्यापीठं, त्यांच्याशी जोडलेल्या ना-नफा संस्था आणि सरकारी किंवा ना-नफा संशोधन संस्था यांना वार्षिक मर्यादा लागू नाही. तिथे सोडत नाही, मार्च नाही. कापसावरच्या किडींवर, ज्वारीच्या वाणांवर, मातीतल्या जिवाणूंवर काम केलेल्या माणसाला अमेरिकेतल्या कृषी विद्यापीठांत संशोधक म्हणून जागा मिळाली तर तो या वाटेनं आत जातो. सॉफ्टवेअरवाल्या चुलतभावापेक्षा कृषीवाला इथे मोकळा असतो. पगार मात्र चुलतभावाचाच जास्त, हेही सांगून टाकतो.

आणि तिसरी पायरी? ग्रीन कार्ड. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार, आणि कोणत्याही एका देशाला त्यातले साधारण सात टक्के. देश म्हणजे जन्माचा देश. तुम्ही उद्या कॅनडाचे नागरिक झालात तरी जन्म मूर्तिजापूरचा असेल तर रांग भारताचीच. ईबी-२ या मास्टर्सवाल्यांच्या वर्गात २०२५ मध्ये भारतीयांचा नंबर २०१३ सालच्या अर्जांपर्यंतच आला होता. एक पळवाट कायद्यातच आहे: जोडीदार दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तर त्याच्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. वऱ्हाडात तिचा फायदा किती जणांना होणार ते वेगळं सांगायला नको. पण मूळ मुद्दा हा, की जिथे पहिली पायरी सगळ्यात रुंद दिसते तिथे तिसरी सगळ्यात अरुंद आहे. चाळीस लाखांचं कर्ज काढण्याआधी हे घरात मोठ्यानं बोललं गेलं पाहिजे.

कर्जाचा विषय निघाला आहे तर तो जरा नीटच पाहू, कारण आपल्या भागातल्या मुलांचं अडतं ते बहुधा इथेच. बापाजवळ बारा एकर काळी जमीन, विहीर, संत्र्याची बाग. गावात त्यांचा शब्द चालतो. बँकेत गेले तर मॅनेजर विचारतो, "एनए प्लॉट आहे का? शहरात घर?" साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात आणि शेतजमीन तारण घ्यायला बहुतेक तयार नसतात. याला कारण आहे. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण विकून वसुली करण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्यानं मिळाला, पण त्याच कायद्याच्या ३१ व्या कलमात शेतजमीन वगळली आहे. शेतकऱ्याचं रक्षण व्हावं म्हणून ठेवलेली ही तरतूद त्याच शेतकऱ्याच्या मुलाला परदेशी शिक्षणाच्या कर्जात आडवी येते. सातबाऱ्यावर बोजा चढवून पीककर्ज मिळतं, एमएसची फी मिळत नाही. मग मामाचा अमरावतीतला प्लॉट शोधला जातो, नाही तर खासगी वित्तसंस्थेकडून जास्त व्याजाचं विनातारण कर्ज. या संस्था कर्ज देताना विद्यापीठाची क्रमवारी आणि विषय पाहतात, म्हणून चांगल्या विद्यापीठाचा उपयोग नोकरीच्याही आधी इथेच सुरू होतो.

दुसरी अडचण उत्पन्न दाखवण्याची. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून अनेक घरांतून रिटर्न भरलेलंच नसतं. मुंबईतल्या किंवा दिल्लीतल्या व्हिसा अधिकाऱ्याला मात्र तीन वर्षांचे आयटीआर पाहायची सवय. अशा वेळी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, बाजार समितीतली अडत्याची हिशोबपट्टी, कापूस सीसीआयला दिला असेल तर त्याचे खात्यात जमा झालेले पैसे, आणि सीएचं प्रमाणपत्र असा सगळा जुडगा जोडावा लागतो. रोखीत विकलेला माल इथे कुठेच दिसत नाही. ज्या घरात मूल बाहेर पाठवायचा विचार आहे त्यांनी दोन-तीन हंगाम आधीपासून माल पट्टीवर विकावा आणि पैसे खात्यात घ्यावेत. शेतीचंच उत्पन्न असलं तरी रिटर्न भरायला कोणी अडवत नाही.

तिसरी गोष्ट हंगामाची. आपल्याकडे पैसा येतो दिवाळीनंतर: सोयाबीन, मग कापूस, मग तूर. जर्मनीचं हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणजे तिकडचं खातं भरायचं मे ते जुलैमध्ये, नेमकं बियाणं आणि खत घ्यायच्या दिवसांत. ब्रिटनचा नियम तर असा, की दाखवायची रक्कम सलग २८ दिवस खात्यात राहिलेली हवी; एक दिवस जरी कमी पडली तरी अर्ज बाद होतो. अर्जाच्या आठवड्यात काकांकडून आलेले दहा लाख कुठल्याही देशाच्या अधिकाऱ्याच्या डोळ्यात खुपतात. सरकारी शिष्यवृत्तीचा मार्गही आहे. राज्याच्या समाजकल्याण खात्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७५ जागांची आहे, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १२५ जागांची. इतर प्रवर्गांसाठीही राज्याच्या स्वतंत्र योजना आहेत. जागा थोड्या, पण अर्जच न करणारे त्याहून जास्त.

आता जर्मनी. गेल्या काही वर्षांत वऱ्हाडातली चर्चा तिकडे वळली आहे आणि माझ्या मते योग्य कारणासाठी: तिथे तिसरी पायरी दिसते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. अपवाद आहेत, बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो लागतात, म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानंही फी सुरू केली आहे. राहण्याच्या खर्चासाठी मात्र वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांच्या आसपास, बंद खात्यात ठेवावे लागतात आणि दरमहा ९९२ युरो असे ते सुटतात. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना आपली कागदपत्रं आधी एपीएस या दिल्लीतल्या कार्यालयाकडून तपासून घ्यावी लागतात. शिक्षण संपलं की नोकरी शोधायला १८ महिने. नोकरी मिळाली आणि पगार ठरलेल्या पातळीवर असला तर ब्लू कार्ड. ती पातळी २०२५ साठी वर्षाला ४८,३०० युरो होती. अभियंते, संगणकवाले अशा तुटवड्याच्या व्यवसायांना आणि नुकत्याच पदवी घेतलेल्यांना सुमारे ४३,७६०. ब्लू कार्डवर २७ महिने झाले की कायम वास्तव्य, आणि जर्मन भाषा बी-१ पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांतच. अमेरिकेतल्या २०१३ च्या रांगेशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

तिकडे शिकायचं नसेल, इथल्याच पदवीवर जायचं असेल तर जून २०२४ पासून चान्सनकार्ट नावाचं कार्ड आहे. नोकरी हातात नसताना जर्मनीत जाऊन एक वर्षापर्यंत ती शोधता येते, दरम्यान आठवड्याला २० तास काम करता येतं. आपली पदवी जर्मन पदवीच्या तोडीची ठरली तर गुणांची भानगडच नाही. नसेल तर सहा गुण लागतात. बडनेऱ्याहून मेकॅनिकल करून चाकणला दोन वर्षं काढलेला सव्वीस वर्षांचा मुलगा धरू. पदवी भारतात मान्यताप्राप्त आहे, इंग्रजी बी-२ पातळीचं आहे, म्हणजे उंबरठा ओलांडला. वय पस्तिशीच्या आत, दोन गुण. गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा संबंधित अनुभव, दोन गुण. अभियंत्यांचा तुटवडा, एक गुण. झाले पाच. सहावा कुठून आणायचा? जर्मन ए-२ पर्यंत शिकला तर एक गुण मिळतो. त्याऐवजी इंग्रजी सी-१ दाखवलं तरी एक. आता त्याचाच वर्गमित्र, जो बीई झाल्यावर अमरावतीतच स्पर्धा परीक्षा देत राहिला: अनुभवाचे दोन गेले, उरले तीन. त्याला जर्मन बी-२ पर्यंत, नाही तर जर्मन बी-१ आणि सोबत इंग्रजी सी-१ पर्यंत गेल्याशिवाय गत्यंतर नाही, त्याला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. वर्षभराच्या खर्चाचे पैसे दोघांनाही दाखवावेच लागतात, २०२५ मध्ये महिन्याला १,०९१ युरोच्या हिशेबानं. आणि एक सावधगिरी: वर्षभरात पदवीला साजेशी नोकरी मिळाली नाही तर मुदतवाढ धरून चालता येत नाही. कारखान्यातल्या नोकऱ्यांत जर्मन न बोलणाऱ्याला फार विचारत नाहीत. संगणक क्षेत्रात थोडं निभतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेमबर्गशी केलेल्या कराराची बरीच चर्चा झाली. तो मुख्यतः परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक अशा कुशल कामगारांसाठी आहे. बीएस्सी झालेल्यानं त्यावर आशा लावून बसू नये.

जर्मन अधिकारी पदवीची किंमत अनाबिन नावाच्या यादीत पाहतात. तिथे कॉलेजचं नाव शोधून उपयोग नाही, पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं शोधायचं. आपलं विद्यापीठ १९८३ चं. जुन्या पदव्यांवर नुसतं 'अमरावती विद्यापीठ', नंतरच्यांवर 'संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ'. अर्जात मात्र अनेक जण कॉलेजचंच नाव ठोकून देतात. असल्या बारीकसारीक गोष्टींनी आपल्या मुलांचे महिने खाल्ले जातात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, वेगळ्या ओळीत आईचं. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच वेगळा. एका ठिकाणी वडिलांचं नाव आहे, दुसरीकडे नाही. दहावीच्या सनदेवर स्पेलिंग एक, आधारवर दुसरं. पासपोर्ट काढण्याआधीच हे सगळं दहावीच्या सनदेशी जुळवून घ्यावं. शिवाय आपल्या गुणपत्रिकांवर 'उन्हाळी' आणि 'हिवाळी' परीक्षा असते. एटीकेटीचा विषय नंतरच्या हिवाळीत सुटला की एका सत्राच्या दोन-दोन गुणपत्रिका होतात, आणि त्या सगळ्याच जोडाव्या लागतात. नापासवाली लपवून चालत नाही. तपोवनातल्या विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट काढायला वेळ धरून चाला. शेवटच्या सत्राच्या निकालाची वाट न पाहता आधीच्या सत्रांचं काम सुरू करणारे शहाणे.

तीन वर्षांची बीएस्सी ही वेगळी अडचण. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं मास्टर्सला सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, आपलं पंधरातच संपतं. म्हणून बीएस्सीवाले इथे एमएस्सीचं निदान एक वर्ष करतात, किंवा नव्या शैक्षणिक धोरणातला चौथ्या वर्षाचा ऑनर्स घेतात. अकोल्याची बीएस्सी कृषी मात्र आधीपासूनच चार वर्षांची आहे. एकाच शहरातल्या दोन बीएस्सींमध्ये हा फरक असतो आणि बारावीनंतर प्रवेश घेताना तो कोणाच्या लक्षात येत नाही. कृषीच्या मुलांनी नेदरलँड्सचाही विचार करावा. वाखेनिंगन हे शेतीशास्त्राचं जगातलं फार मोठं विद्यापीठ तिथलं, आणि तिथून पदवी घेतली की नोकरी शोधायला वर्षभराचा परवाना मिळतो. त्या काळात नोकरी लागली तर पगाराची अटही सौम्य होते.

बाकीचे देश थोडक्यात. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर दोन वर्षं राहता येतं, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळेल, पीएचडीवाल्यांना तीन. कुशल कामगाराच्या व्हिसाला जुलै २०२५ पासून सर्वसाधारणपणे ४१,७०० पौंडांचा पगार लागतो. नवख्यांना थोडी सूट आहे. एक वर्षाच्या मास्टर्सवर चाळीस लाख घालून त्या पगाराची नोकरी दीड वर्षात गाठायची, हे गणित मला जमत नाही. मात्र एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे: भारतीय तरुणांसाठीची यंग प्रोफेशनल्स योजना. वर्षाला ३ हजार जागा, वय १८ ते ३०, पदवी हवी, खात्यात २,५३० पौंड. निवड सोडतीनं, आणि सोडतीत नाव घालायला पैसे पडत नाहीत. दोन वर्षं राहता येतं, त्यापुढे वाढत नाही. ऑस्ट्रेलियानंही अशीच ३ हजार जागांची मेट्स योजना आणली, त्यात कृषी तंत्रज्ञानही आहे. पण पदवी एनआयआरएफच्या पहिल्या शंभरांतल्या संस्थेची हवी, आणि आपल्याकडच्या बहुतेकांची गाडी तिथेच अडते. तिकडे जाऊन शिकलेल्या भारतीयांना मात्र व्यापार करारामुळे मास्टर्सनंतर तीन आणि पीएचडीनंतर चार वर्षं मिळतात, इतर बहुतेक देशांच्या मुलांपेक्षा साधारण एकेक वर्ष जास्त. कॅनडानं २०२४ पासून विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, आणि मार्च २०२५ पासून कायम वास्तव्याच्या गुणपद्धतीतले नोकरीच्या ऑफरचे गुणही काढून टाकले. वयाचे पूर्ण गुण २० ते २९ मध्येच मिळतात, म्हणून तिकडे जायचं त्यानं स्पर्धा परीक्षेत तिशी गाठू नये.

नागरिकत्वापर्यंत पोहोचणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी परदेशातल्या सल्लागाराला सुचणार नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. तिकडचा पासपोर्ट घेतला की इथला जातो आणि ओसीआय कार्ड उरतं. ओसीआय असो वा अनिवासी भारतीय, त्याला इथे फ्लॅट घेता येतो, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली ठेवता येते. बांधाशेजारची दोन एकर डॉलरमधून घेऊ, असं ज्या बापलेकांचं ठरलं असेल त्यांनी आधी हे पाहावं.

राहता राहिले एजंट. सगळेच लबाड नसतात. फॉर्म नीट भरून देणारे, तारखा सांभाळणारे अमरावतीतही आहेत आणि अकोल्यातही. पण खात्यात चार दिवसांसाठी पैसे 'फिरवून' देतो, अनुभवाचं पत्र 'करून' देतो म्हणणारेही आहेत. खोटा कागद पहिल्या पायरीवर कधीकधी खपतो. २०२३ मध्ये कॅनडात पंजाबच्या अनेक विद्यार्थ्यांवर हद्दपारीची पाळी आली ती यातूनच. एजंटानं दिलेलं कॉलेजचं प्रवेशपत्र बनावट होतं. मुलं तिकडे गेली, दुसऱ्या कॉलेजात शिकली, नोकरीला लागली, आणि कायम वास्तव्याचा अर्ज केला तेव्हा जुनी फाइल उघडली गेली. जे खरोखर फसवले गेले होते त्यांना पुढे राहू देण्याचं सरकारनं ठरवलं, पण ते सिद्ध करण्याचं ओझं त्या मुलांच्याच अंगावर आलं. डिसेंबर २०२३ पासून कॅनडा प्रत्येक प्रवेशपत्र थेट कॉलेजकडून पडताळून घेतो. अमेरिकेच्या कायद्यात व्हिसासाठी खोटी माहिती देणाऱ्याला प्रवेशबंदी आयुष्यभराची आहे, ब्रिटनमध्ये दहा वर्षांची, कॅनडात पाच. आणि अर्जाखाली सही एजंटाची नसते, मुलाची असते.